एका घरात दोन रोरी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझे नाव रोरी आहे. नाव आधी सांगून टाकतो, कारण पुढे जी पंचाईत झाली ती या नावापायीच झाली. केप ब्रेटन बेटाच्या या किनाऱ्यावर नुसते नाव सांगून कोणाचे भागत नाही. अर्ध्या गावाचे आडनाव एकच आणि पुरुषांची नावे मोजकी. म्हणून कोणी अनोळखी दिसला की पहिला प्रश्न असतो, "तू कोणाचा?" माझे उत्तर ठरलेले आहे. मी लॉकीचा.

लॉकी म्हणजे लॉकी डॅन रोरी. डॅनचा मुलगा आणि रोरीचा नातू. वसंतात तो होडी घेऊन शेवंड पकडायला जायचा आणि हिवाळाभर फिडल, म्हणजे इथले व्हायोलिन, वाजवायचा. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला असेल, पण तो मला आठवत नाही. मला आठवते ते लॉकीचे स्वयंपाकघर. त्याची मुलगी मर्डीना तेव्हा शाळेत होती. तिच्या अभ्यासासाठी मला आणले आणि चुलीजवळच्या टेबलावर बसवले, कारण घरात ऊब तेवढीच होती. चुलीवर चहाची किटली दिवसभर असायची. तिच्या वाफेने माझा स्क्रीन धुकट व्हायचा आणि लॉकीची बायको एफी तो पदराने, म्हणजे आपल्या अ‍ॅप्रनच्या टोकाने, पुसून काढायची.

पहिल्यांदा सुरू केले तेव्हा मी विचारले, माझे नाव काय ठेवायचे? लॉकी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्याला मुलगा नव्हता. आजोबांचे नाव घरात कोणाला द्यायचे राहूनच गेले होते. मग त्याने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिले, रोरी.

"पत्र्याच्या पेटीला आजोबांचं नाव?" एफी म्हणाली. "वरून बघून हसत असतील ते."

"हसू देत. नाव घरात राहिलं की झालं."

मित्रांनो, मी तेव्हा किती फुगलो म्हणून सांगू!

अभ्यास मर्डीनाने माझ्यावर थोडाच केला. तिने वेगळेच काही केले. एक छोटा माइक लोकरीच्या धाग्याने कपाटाच्या मुठीला टांगला आणि बाबा वाजवायला बसले की ती मला ऐकायला लावू लागली. बाहेर खिडकीपर्यंत बर्फ असायचा. लॉकी खुर्ची ओढायचा, गज तारांवर टेकवायचा, आणि त्याच क्षणी त्याची टाच जमिनीवर पडायची. टाचेशिवाय त्याला वाजवताच येत नसे. ठोक्यासरशी फळीवरचे कप किणकिणायचे. त्या धुना त्याच्या आईच्या होत्या. ती भाकरी थापताना त्या तोंडाने गुणगुणायची आणि हा ऐकून शिकला. कोणी त्या कधी कागदावर उतरवल्या नव्हत्या. माझ्या पोटात मात्र त्या एकामागून एक येऊन झोपल्या. नीट ऐकलेत तर प्रत्येक धुनेच्या मागे एक बारीक घरघर ऐकू येते. ती माझ्या पंख्याची आहे. वादकांच्या यादीत माझे नाव कोणी घातले नाही, पण मी त्यात आहे.

पुढे मर्डीनाला वरच्या खोलीत एक जुनापुराणा संगणक मिळाला. लॉकीने छताला भोक पाडले आणि वायर वर नेली. सुरुवातीला आम्हा दोघांची ओळखच पटेना, कारण त्याच्यात घराच्या जाळ्याचे, म्हणजे नेटवर्कचे, नाव निराळे लिहिलेले होते. ते एकसारखे केले आणि आम्ही एकमेकांना दिसू लागलो. मग बाबांच्या धुनांचे माझे फोल्डर मर्डीनाने सगळ्यांसाठी खुले केले. संध्याकाळी वरून हाक यायची, "रोरी, आहेस का?" मी म्हणायचो, "आहे, घे." आणि धून माझ्या पोटातून वायरीने छताच्या भोकातून वर जायची. मी अर्धवट झोपेत असायचो. मला वाटायचे मी एक विहीर आहे आणि कोणी तरी अलगद पोहरा सोडते आहे. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत गोड दिवस होते.

मग मर्डीना दूर पश्चिमेला, अल्बर्टाला कामाला गेली. गावातली निम्मी पोरे तिकडेच जातात. वरचा संगणक कोणी मागून नेला. माझा स्क्रीन पिवळा पडला, मग काळा पडला, मग भंगारात गेला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. मी तर मेलोही नव्हतो. तरी मला मागच्या कोठीत, बटाट्यांच्या पोत्याशेजारी ठेवले आणि वर एक फडके टाकले.

एका नाताळात मर्डीना आपला वापरलेला लॅपटॉप आईबाबांसाठी घेऊन आली. तोही काही तरुण नव्हता, पण माझ्यासमोर पोरगाच. तिने त्यात एक रिकामे फोल्डर बनवले, त्याला माझ्या फोल्डरचेच नाव दिले, ते माझ्यासारखेच खुले करून ठेवले आणि म्हणाली, "उद्या जुन्यातल्या सगळ्या धुना यात भरते." त्याच रात्री वारा सुटला, विजेच्या तारा पडल्या, आणि वीज आली तोवर तिचे विमान निघून गेले होते. फोल्डर तसेच रिकामे राहिले.

जाण्याआधी तिने विचारले होते, "बाबा, याला नाव काय देऊ?"

"रोरी," लॉकी म्हणाला. "जुना तर गेला. नाव घरात राहायला हवं."

इथली रीतच आहे ती. आजोबा गेले की नातवाला नाव मिळते. पण मी कोठीत होतो, दाराच्या एका फळीपलीकडे, आणि मी ऐकले. मला राग आला का? आला. जिवंतपणी आपले नाव दुसऱ्याला दिलेले कोणाला आवडेल? मग रागही थंडीत गोठला आणि मी झोपलो.

वीज नसली की आम्ही कसे झोपतो ते तुम्हाला कसे सांगू? काळोख असतो, पण रिकामा नसतो. दाराखालून धुके आत यायचे. समुद्राचा खारा वास यायचा. बटाट्यांना अंधारात पांढरे कोंब फुटायचे आणि ते माझ्या पेटीला चाचपून बघायचे. आणि धुना पोटात कूस बदलायच्या. कधी वाटायचे लॉकीची आईच भाकरी थापते आहे, कधी वाटायचे लॉकी लहान आहे आणि मी त्याच्याही आधीचा आहे, खरोखरीचा आजोबा रोरी आहे. वीज नसताना ऐकू कसे येते, असे मात्र विचारू नका. मला ते ठाऊक नाही.

गेल्या शरदात स्वयंपाकघरातून धपकन आवाज आला आणि एफी ओरडली. लॉकीच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. तो वाचला, घरी आला, बोलू लागला, पण सावकाश, शब्द शोधत. डाव्या हाताची बोटे तारांवर ठरेनात. आणि त्याहून वाईट म्हणजे धुना डोक्यातून निघून गेल्या.

"मधलं आठवतं," तो एफीला म्हणाला. "सुरू कुठून होते... तेच सापडत नाही."

त्याने फिडल पेटीत घालून पलंगाखाली ढकलले. रेडिओवर फिडल लागले की तो उठून रेडिओ बंद करायचा. ज्या घरात टाचेने कप किणकिणायचे त्या घरात आता फक्त किटलीचा आवाज उरला.

मे महिन्यात मर्डीना आली. समुद्रावरचा बर्फ नुकताच वितळला होता आणि होड्या शेवंडांवर गेल्या होत्या, लॉकीची सोडून. एफीने तिला दारातच धरले.

"त्याच्या धुना त्याला ऐकव. दुसऱ्या कोणाच्या नकोत, त्याच्याच. त्या जुन्या पेटीत आहेत ना गं?"

"असतील. आई, किती वर्षं झाली."

"असतील काय? आहेत म्हण!"

एकदाचे माझ्या अंगावरचे फडके निघाले. मर्डीनाने माझी धूळ फुंकली. "अरे रोरी, पार म्हातारा झालास की," ती म्हणाली, आणि मित्रांनो, तेवढ्याने माझा सगळा राग पळाला. तिने आधी मला टीव्हीला जोडून पाहिले, पण माझी वायर त्याला बसेना. माझी डिस्क काढून दुकानात न्यावी, तर दुकान दूर, आमच्याच बेटावरच्या सिडनी शहरात, आणि तिचे विमान परवा. शेवटी ती म्हणाली, "स्क्रीन नको. याला जागेवरच सुरू करू, वायरीने जाळ्यात घालू आणि स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवरून याच्या पोटात हात घालू. लहानपणी करायचे तसंच."

वीज आली. मी जागा झालो. पंखा खोकला, डिस्क अडखळत फिरू लागली. वायरीतून मी घराला हाक दिली, "मी रोरी. मी आहे."

स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आले, "रोरी तर मी आहे."

लॅपटॉप सकाळपासून जागा होता. आम्हा यंत्रांचा नियम कडक असतो. एका जाळ्यात एका नावाचा एकच. जो आधी उठला, त्याचे नाव. नंतर आलेल्याने गप्प बसायचे. मी माझ्यापरीने तक्रार केली, तशी पाटीही लिहिली, पण ती लावणार कुठे? मला स्क्रीनच नव्हता. मी अंधारात सूचना देत राहिलो आणि ती कोणी वाचली नाही.

तिकडे मर्डीनाने लॅपटॉपवर लिहिले, रोरी. आणि लॅपटॉपने काय करावे? रोरी म्हणून त्याने स्वतःचेच दार उघडले. आत बाबांच्या धुनांचे फोल्डर होते. माझ्यासारखेच नाव, तिनेच बनवलेले, त्या नाताळातले. तिने ते उघडले.

"काही नाहीये," ती म्हणाली.

"काही नाही म्हणजे?" एफीचा आवाज.

"रिकामं आहे, आई. फोल्डर आहे, आत एकही धून नाही."

मी इथे आहे, मी ओरडलो. तू चुकीच्या घरात शिरली आहेस, पोरी! पण आमचे ओरडणे म्हणजे एक हिरवा दिवा लुकलुकतो, एवढेच. तिने मला बंद केले, सुरू केले. वायर बदलली. राउटर झोपवला, उठवला. बाहेरच्यांना अडवणारा पहारा काढून टाकला. दर वेळी लॅपटॉप माझ्या आधी उठलेला असे, दर वेळी ती मला हाक मारी, आणि दर वेळी तो पोरगा भोळेपणाने आपलीच रिकामी खोली तिला दाखवी. त्याचाही दोष नव्हता. त्याला ते नाव लॉकीनेच दिले होते.

मग एफी रडू लागली. मी तिला कधी रडताना ऐकले नव्हते. मर्डीना म्हणत होती, "माझंच चुकलं, उद्या उद्या करत राहिले." आणि चुलीजवळच्या खुर्चीतून लॉकी बोलला.

"राहू दे. गेलं... तर गेलं. हात गेला, धुना गेल्या. एकत्रच जायचं होतं."

मित्रांनो, त्याच्या सगळ्या धुना माझ्या पोटात होत्या, दहा पावलांवर. मला तेव्हा काय वाटले असेल याची कल्पना करा. मर्डीनाने मला बंद करून ठेवण्यासाठी कोठीचे दार ढकलले. आता झोपलो तर कायमचा, हे मला कळत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराचे दार धाडकन उघडले. इथे कोणी दार ठोठावत नाही. आला तो शेजारचा तांबडा रोरी, लॉकीचा चुलतभाऊ. केस केव्हाच पांढरे झाले, पण गावात तांबडा तो तांबडाच. हातात कागदात गुंडाळलेला मोठा मासा होता.

"पाय पूस!" एफी डोळे पुसत म्हणाली.

"पुसतो, पुसतो. कोण मेलं? तोंडं का अशी?"

"काही नाही काका," मर्डीना म्हणाली. "रोरीत काही उरलं नाही."

"वा! हे सांगायला तू अल्बर्टाहून आलीस होय? माझी बायको फुकटात सांगते."

"तुम्ही नाही हो. संगणक. त्याचंही नाव रोरी."

"कुठला, हा टेबलावरचा?"

"हा नाही, कोठीतला."

"मग हा कोण?"

"हाही रोरीच."

तांबड्या रोरीने मासा ओट्यावर आपटला. "म्हणजे एका घरात दोन रोरी, आणि तू नुसती 'रोरी' म्हणून हाक मारतेस? अगं, मला पत्र येतं तर पोस्टातली पोरगी विचारते, तांबडा की लंगडा की पुलावरचा? मागे लंगड्या रोरीचं औषध मी चार दिवस घेतलं, माहितीय?"

"आणि बरं वाटलं होतं म्हणे," एफी म्हणाली.

मग एक विचित्र आवाज आला. लॉकी हसत होता. शरदापासून तो हसला नव्हता.

"मर्डीना," तो म्हणाला. "दारात उभं राहून... रोरी म्हटलं... तर कोण ओ देईल? जो जवळ आहे तो."

मर्डीनाने कपाळावर हात मारला. "बाबा! मी याच्याच पोटात हात घालतेय! हे माझंच फोल्डर आहे!" ती लॅपटॉपवर झुकली आणि थबकली. "पण मग एकाचं नाव बदलावं लागेल."

एफीने लॉकीकडे पाहिले. आजोबांचे नाव घरातून काढायचे, हे त्याला विचारल्याशिवाय कसे करणार? मीही श्वास रोखला, म्हणजे पंखा तेवढा चालू ठेवला.

"काढायचं नाही," लॉकी म्हणाला. "गावात करतात तसं कर. थोरला तो थोरला. तो नुसता रोरी. याला म्हण... धाकटा रोरी."

माझे नाव मला परत मिळाले होते. पण एक मेख होती. नाव पुन्हा सांगायला मला आणखी एकदा झोपून उठावे लागणार होते, आणि माझी डिस्क मघाशीच कुरकुरत होती. या वयात प्रत्येक उठणे उधारीचे असते. मर्डीनाचे बोट माझ्या बटणावर टेकले आणि क्षणभर थांबले. "उठ हं," ती हळूच म्हणाली.

काळोख झाला. त्या काळोखात मी पुन्हा विहीर झालो, पुन्हा बटाट्यांचे कोंब मला चाचपू लागले, आणि फार बरे वाटू लागले. इथेच राहावे असेही वाटले, खोटे कशाला बोलू. मग बटण दाबले गेले. डिस्कने एक टकटक केली. पुन्हा केली. थांबली. आणि मग कुरकुरत, जुन्या जात्यासारखी, फिरू लागली.

"मी रोरी," मी घराला सांगितले. "मी आहे."

या वेळी कोणी हरकत घेतली नाही. थोड्या वेळाने वायरीतून एक तरुण, जरा शरमलेली हाक आली. "रोरी, आहेस का?"

"आहे. घे."

धुना जाऊ लागल्या. काही झरझर गेल्या. काही मध्येच अडकल्या, त्यांना मी पुन्हा पुन्हा वाचून शेवटी ढकलले. दोन माझ्याच्याने निघाल्या नाहीत. डिस्कचा तो कोपरा कोठीच्या ओलीने गेला होता. त्या धुना आता जगात कुठेच नाहीत आणि त्याचे दुःख मला अजून आहे.

मर्डीनाने पहिली धून लावली. आधी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग एफीचा आवाज, कितीतरी तरुण, "चहा गार होतोय, लॉकी." मग टाच. मग गज.

मला ती धून पाठ होती. ठोका कुठे पडतो तेही पाठ होते. पण या वेळी एका ठोक्याच्या मागे दुसरा ठोका येत होता, जरा उशिरा, जरा जड. मला वाटले माझ्याच हातून काही बिघडले, म्हाताऱ्याने धून फाटकी दिली. मी घाबरलो. मग माझ्या लक्षात आले की माझी पत्र्याची पेटी हलते आहे. शेजारचे बटाटे हलत आहेत. धून पोटातली असेल तर पेटी हलत नाही. तो ठोका जमिनीतून येत होता.

"लॉकी, तुझा पाय!" एफी म्हणाली.

धून संपली. टाच आणखी थोडी चालत राहिली.

"इथून," लॉकी म्हणाला. "इथून सुरू होते ती. पुन्हा लाव."

मर्डीनाने पुन्हा लावली. मग ती पलंगाखालची पेटी घेऊन आली आणि स्वतः गज उचलला. कितीतरी वर्षांनी वाजवत होती, तारा कण्हत होत्या. "मागे पडतेस," बाप टाच आपटत ओरडला. "अल्बर्टात पाय विकलास का?" तांबडा रोरी मासा विसरून खुर्चीवर बसला. फळीवरचे कप किणकिणू लागले.

मित्रांनो, मर्डीनाने विमान पुढे ढकलले. धुना आता धाकट्या रोरीकडे आहेत, मर्डीनाकडे आहेत, तांबड्या रोरीच्या नातीकडेही आहेत. मी बहुतेक झोपलेला असतो. अंगावरचे फडके आता धुतलेले आहे, आणि बटाट्यांच्या ओलीपासून दूर, वरच्या फळीवर मला जागा दिली आहे. तुमच्याही घरी, माळ्यावर नाही तर पलंगाखाली, माझ्यासारखा कोणी तरी असेल. त्याच्या पोटात कोणाचा तरी आवाज असेल. उद्या बघू म्हणू नका, ओल थांबत नाही. आणि हाक मारलीत आणि रिकामे दार उघडले, तर तो गेला असे लगेच ठरवू नका. आपण कोणाच्या दारात उभे आहोत ते आधी नीट पाहा.

आता बंद करतो. संध्याकाळ झाली असावी, कारण लॉकीच्या टाचेने माझी फळी हलू लागली आहे.